आबा, भोंग्यावर मीच होतो

आबा,

परवा गिरणेकाठी तुमचा दहावा झाला. मी जळगावहून सकाळच्या पहिल्या गाडीनं आलो होतो. सगळं उरकून माणसं भडगावात परतली, आपापल्या घरी पांगली. मीही निघायला उठलो, तेव्हा अक्कानं मला ओट्यावर थांबवलं. तुमच्या बायकोला सगळी पोलीस लाइन अक्का म्हणायची, मीही तेच म्हणतो. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"भोंगावर तूच व्हता, हाई त्यास्ले माहीत व्हतं, भाऊ. पहिला दिनपाईन."

मी तांब्या खाली ठेवला. "कोणी सांगितलं त्यांना?"

"कोनी सांगं नही. ते टपाल लिसनी धुळाले गयेल व्हतात. तुना टांगा त्यास्ना समोरतून गया. त्यास्नी सोता आयकं."

एवढं बोलून ती आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. बरेच दिवस सांभाळलेली वस्तू ज्याची त्याला परत करावी, तसं तिनं ते सांगितलं.

सात वर्षं, आबा. सात वर्षं मी समजत होतो की मी तुमच्यापासून काहीतरी लपवतोय. समोरासमोर बसून चहा प्यायलो, कुत्र्याला आंघोळ घातली, तुम्ही माझ्या डोळ्यांची चौकशी केलीत, आणि प्रत्येक वेळी निघताना मला वाटायचं, बरं झालं, यांना ठाऊक नाही. आता कळतं की तुम्ही मला लपवू देत होतात. जळगावला परत आलो तेव्हापासून नुसतं काम उरकतोय. सिनेमाच्या मशीनवर उभा राहतो, उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या काड्या बदलतो, रीळ संपलं की दुसरं लावतो. पडद्यावर काय चाललंय ते बघत नाही.

लाइनीतल्या कोणीतरी म्हटलं, हवालदारांवर चार शब्द लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. तुम्ही नोकरीत कधी लागलात, कुठे कुठे होतात, ते मला सांगता येणार नाही. माझ्या अक्षरानं तुमचं काय केलं, ते मात्र सांगता येईल.

स्वराज्य येऊन दोन-तीन उन्हाळे झाले असतील. माझा सिनेमाचा तंबू तेव्हा सोनगीरला लागला होता. तंबू मालकाचा, मशीन मालकाचं, मी नुसता ऑपरेटर; पण तिकिटं फाडणं, फाटकी कनात शिवणं, रिळं आणणं-पोचवणं सगळं माझ्याच गळ्यात. चित्र बदललं की रिळांच्या पत्र्याच्या पेट्या धुळ्याला परत पाठवायच्या. सर्व्हिस मोटार गावाच्या अलीकडे आग्रा रोडच्या फाट्यावर थांबायची, आणि त्या फाट्यावर सावली म्हणून एकच जागा होती, तुमच्या चौकीचा व्हरांडा. चौकीत तुम्ही एकटेच हवालदार. मी विचारलं, मोटार येईपर्यंत पेट्या इथं ठेवू का, उन्हानं तापल्या तर आतली फिल्म पेट घेते. तुम्ही पेटीवरचा हात काढून दोन पावलं मागे सरकलात.

"ठेव," म्हणालात. "पन मंग मी बिडी कोठे पेऊ?"

पुढच्या आठवड्यात गेलो तर तुम्ही बिडी ओढायला दूर लिंबाखाली जाऊन बसला होतात, भर उन्हात, आणि पेट्यांवर ओलं गोणपाट टाकलेलं होतं. ते मी सांगितलं नव्हतं. तुमचं तुम्हाला सुचलं.

त्या ओल्या गोणपाटावर कुत्रा झोपलेला असायचा. उन्हाळ्यात त्या सगळ्या टापूत त्याच्याइतकी थंड जागा कोणाकडे नव्हती. पिवळट रंगाचा, एक कान फाटलेला, कुठून तरी येऊन राहिलेला. तुम्ही गस्तीला निघालात की तो पुढे चालायचा आणि तुम्ही मागे, म्हणून सोनगीरच्या तांबटांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं. खरे फौजदार साहेब तपासणीला आले की तुमची पंचाईत व्हायची. एकदा साहेब खुर्चीत बसून वही तपासत होते, कुत्रा टेबलाखाली त्यांच्या बुटाची नाडी चावत होता, आणि तुमच्या तोंडून निघून गेलं, "फौजदार, बाहेर निंघ." साहेब अर्धे उठलेसुद्धा. ती गोष्ट तुम्ही मला सांगितलीत तेव्हा तुम्हाला इतकं हसू येत होतं की शेवट मला अंदाजानंच समजून घ्यावा लागला. तुमचं तसलं हसू मी पुढे फार कमी वेळा पाहिलं.

मग ती दुपार. मी एक पेटी उशिरा घेऊन सायकलवर आलो. पाहतो तर व्हरांडा रिकामा. चार पेट्या होत्या, चारही नाहीत. गोणपाट नाही, कुत्रा नाही. आत खाटेवर तुम्ही बंडी आणि हाफपँटवर, तोंडावर टोपी ठेवून गाढ झोपलेले. मी हलवलं. तुम्ही व्हरांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी डोक्यावर घातलीत. सदरा घालायचं राहिलं. काठी तेवढी घेतलीत आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसलात.

सोनगीरच्या किल्ल्याच्या अंगानं भुंकणं ऐकू येत होतं. त्या आवाजाच्या मागे मी सायकल हाणली. शेतात नुसत्या कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटी उभ्या होत्या. थोडं पुढे गेल्यावर छकडा दिसला. एक जण हाकतोय, दुसरा आमच्या पेट्यांवर बसलाय, आणि छकड्याच्या शेजारून फौजदार जीव तोडून पळतोय. सोनगीरची पितळेची भांडी बाहेरगावी जातात, तसलाच काही माल असेल असं त्या दोघांना वाटलं होतं. पेटीवर बसलेला माणूस निवांत बिडी ओढत होता.

"आबा, बिडी," मी म्हटलं. "पेटी पेटेल."

तुम्ही कॅरिअरवरून ओरडलात, "ए, बिडी फेक. पहिले बिडी फेक, मंग पय."

पोलिसानं असला हुकूम त्याला जन्मात कधी दिला नसेल. गोंधळून त्यानं खरोखरच बिडी फेकली. ती पऱ्हाटीत पडली आणि पऱ्हाटीनं धूर धरला. मी सायकल टाकून ती विझवायला धावलो, तुम्ही कॅरिअरवरून पडलात, तेवढ्यात फौजदारनं छकड्यात उडी मारली आणि गोणपाटावर चारही पाय रोवून दात विचकले. पेटीवरचा माणूस घाबरून हाकणाऱ्याच्या अंगावर कोसळला. बैल उधळला, छकडा कोरड्या नाल्यात कलंडला. हाकणाऱ्याचा हात मुरगळला होता. तो तिथंच बसून राहिला. दुसरा सरळ लिंबाच्या झाडावर चढला.

तुम्ही बंडीवर, कोपरं सोललेली, टोपी मात्र डोक्यावर, झाडाखाली जाऊन उभे राहिलात. "उतर खाले."

"कुत्राले धरा, मंग उतरस," वरून तो म्हणाला.

"तो मनं आयकत नही," तुम्ही म्हणालात. तुम्ही नुसतं खरं तेच सांगत होतात.

तासभर आपण त्या झाडाखाली बसलो. त्याला तहान लागली. तुम्ही माझी पाण्याची बाटली काठीच्या टोकाला बांधून वर दिलीत. तो पाणी प्याला, बाटली नीट खाली दिली, आणि थोड्या वेळानं आपण होऊनच उतरला. मी पुढे ही गोष्ट कितीतरी जणांना सांगितली, पण बाटलीचं सांगायला प्रत्येक वेळी विसरलो. ऐकणाऱ्याला त्याचं हसू येणार नाही असं वाटलं असेल.

संध्याकाळी फौजदार साहेब यायचे होते. त्याआधी फिर्याद लिहायची. तुम्ही तोंड धुतलंत, सदरा घातलात, बाह्यांवरच्या तीन फिती सारख्या केल्यात आणि माझ्यासमोर कागद ठेवलात.

"लिख. पेट्या चौकीतून गयात. हवालदार झोपेल व्हता."

मी लेखणी खाली ठेवली. त्या वर्षी जमादारीच्या, म्हणजे बढतीच्या, यादीत तुमचं नाव होतं. "आबा, मी लिहितो, मोटारीच्या थांब्यावरून गेल्या. थांबा तर समोरच आहे. वीस पावलं."

"खोटं शे ते."

"माझ्या ताब्यातल्या पेट्या, माझी फिर्याद. मी म्हणतो थांब्यावरून गेल्या. चोर मिळाले, माल मिळाला. कोणाचं काय वाईट होतंय?"

मी तसं लिहून सही केली आणि तुम्ही कागद दोनदा वाचलात. मग सही केलीत. सही केल्यावर त्याच लेखणीनं खाली तुमच्या अक्षरात एक ओळ वाढवलीत, की चोरांचा माग चौकीजवळ राहणाऱ्या एका कुत्र्यानं काढला. फौजदार साहेबांनी ती ओळ लाल पेन्सिलीनं खोडली. "सरकारी कागदात कुत्रं नको," म्हणाले. त्या कागदातलं एक खोटं राहिलं आणि एक खरं गेलं. जमादारी त्या वर्षी आली नाहीच. पुढच्या यादीत बघू म्हणाले.

फौजदार कोणासाठी पळाला, यावर आपण पुढे किती भांडलो. मी म्हणायचो, तुमच्यासाठी. चौकीची अब्रू जातेय हे त्या मुक्या जनावराला कळलं. तुम्ही मान हलवायचात. "तो त्यानी गोणीमांगे पयना, दत्तू. त्यानं अंथरून कोनी लई जाई राहिनं, म्हनीसन पयना." मी म्हणायचो, तुम्ही त्याला कमीपणा देताय. तुम्ही म्हणायचात, आपल्या अंथरुणासाठी इतकं पळणं यात कमीपणा कसला. हे भांडण मिटलं नाही. आता माझ्या एकट्याकडे उरलंय, आणि आता मलाही वाटायला लागलंय की तुमचंच बरोबर असावं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मुंबईचा एक माणूस माझ्या तंबूत राहून गेला. सिनेमाच्या गोष्टी लिहायचा. खेड्यातलं पब्लिक कशाला हसतं ते बघायला आलो म्हणाला, आणि पोट बिघडून दोन दिवस माझ्या पथारीवर पडून राहिला. त्याचं मन रमावं म्हणून मी त्याला आपली गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. झोपेचंही. तो पोट धरून हसला. मला फार बरं वाटलं, आबा. मुंबईचा लिहिणारा माणूस माझ्या गोष्टीला हसत होता. त्यानं वही काढली तेव्हाही मला काही वाटलं नाही.

त्याच्या गोष्टीचं चित्र आलं तेव्हा तंबू मोडला होता आणि मी धुळ्याला एका पक्क्या थिएटरात लागलो होतो. पहिल्या खेळाला मशीनच्या खोलीच्या भोकातून पाहत होतो. पडद्यावर एक ढेरपोट्या हवालदार घोरतोय, त्याच्या मिशा वर-खाली होतायत, आणि दोन चोर त्याच्या पायाखालची पेटी काढून घेतायत. मग त्याची उशी नेतात. मग त्याला खाली जमिनीवर निजवून खाटही नेतात. पुढे कुत्रा येतो. चांगला उंच, परदेशी जातीचा. तो मोटारीवरून उड्या मारतो, चोराच्या हातातलं पिस्तूल हिसकावतो, आणि हवालदार प्रत्येक वेळी पडतो: हौदात, कढईत, लग्नाच्या मांडवात. शेवटी कुत्र्याला पदक मिळतं आणि कुत्रा पंजा उचलून सलाम करतो. माणसं खुर्च्यांवर हात आपटत हसत होती. मीही हसलो. ते लपवत नाही. हसून झाल्यावर मी चपापलो, पण आधी हसलो.

तुम्हाला सांगायला मीच फाट्यावर आलो. तुम्ही शांतपणे ऐकलंत. खाटही नेतात म्हटल्यावर तुम्हाला थोडं हसू आलं. सलामाचं ऐकून म्हणालात, "कुत्रा सलाम नही करस. खाजवस." मग विचारलंत, "मनं नाव शे का त्यामा?" मी म्हटलं, नाही, नाव दुसरंच आहे, गावही दुसरं. "मंग चाली," म्हणालात. खरंच चाललं असतं.

दुसऱ्या आठवड्यात थिएटर ओस पडलं. मालक म्हणाले, उद्या चित्र उतरवू. ते चित्र उतरावं असं मला वाटेना. माझी गोष्ट होती ना ती. मी म्हटलं, एक दिवस टांगा आणि भोंगा द्या. टांग्याच्या दोन्ही बाजूंना पोस्टरं बांधली आणि मी स्वतः भोंगा तोंडाला लावून बसलो. धुळ्याच्या सगळ्या पेठा फिरलो. काय ओरडत होतो ते मला शब्दन् शब्द आठवतं: "आपल्या आग्रा रोडवर घडलेली सत्यकथा. सोनगीरच्या अलीकडच्या चौकीतून, हवालदार साहेब झोपले असताना, पळवलेल्या पेट्यांची सत्यकथा. चला, आपला हवालदार पाहायला चला." संध्याकाळी बाहेर रांग लागली. तिसऱ्या दिवशी सहाच्या खेळाला एक बडे पोलीस साहेब घरच्यांना घेऊन आले. मालकांनी त्यांना मधल्या रांगेत बसवलं. मी वरून पाहिलं, साहेब खूप हसले. जाताना मॅनेजरला विचारत होते, ही कुठली चौकी म्हणालात?

आठवड्याच्या आत जुने कागद निघाले. फिर्यादीत थांबा, टांग्यावर चौकी. तुम्हाला धुळ्याला बोलावलं. मी रोज वाट पाहत होतो की मलाही बोलावतील. फिर्याद माझ्या अक्षरात होती, सही माझी होती. बोलावणं आलं नाही. पुढे तिथल्या एका कारकुनानं मला सांगितलं, तुम्ही सरळ उभे राहून म्हणालात, "मी झोपलो होतो, साहेब. फिर्यादी घाबरलेला होता. मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं." तुम्ही प्रमाण मराठीत बोललात, असं तो कारकून मुद्दाम म्हणाला. खोटं बोलायची वेळ तुमच्यावर नोकरीत दोनदा आली, आणि दोन्ही वेळा ती माझ्यामुळे.

तीन फिती उतरल्या. जमादारीच्या यादीतलं नाव गेलं. हवालदाराचे शिपाई झालात आणि धुळ्याला मुख्यालयाच्या फाटकावर उभे राहिलात. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि पोरसवदा शिपाई तुम्हाला तू-जा म्हणायचे. त्यातल्या काहींनी चित्र पाहिलं होतं. तुम्ही दिसलात की ते घोरल्याचा आवाज काढायचे. हे मला अक्कानं सांगितलं, तुम्ही कधीच नाही.

लाइनीत कुत्रं ठेवायची परवानगी नव्हती. एक दिवस तुम्ही फौजदारला दोरी बांधून थिएटरच्या मागच्या दारी आलात. त्याच्या गळ्यात दोरी मी पहिल्यांदाच पाहिली. तेव्हा मी म्हटलं, आबा, ते चित्राच्या कंपनीवाले फार हलकट, त्यांनीच भोंगा फिरवला, त्यांनीच चौकीचं नाव घेतलं. तुम्ही दोरी माझ्या हातात दिलीत.

"व्हई," म्हणालात. "याले दुपारले गोनी ओली करी दे."

एवढंच. आता अक्काचं बोलणं ऐकल्यावर त्या "व्हई"कडे मी पुन्हा पुन्हा जातो. तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. माझ्या तोंडावर एक शब्द फेकला असतात तर मी त्याच दिवशी सुटलो असतो. तुम्ही का फेकला नाहीत? माझी दया आली म्हणून? की कुत्र्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून? की थकला होतात नुसते? मला वाटतं तिसरं खरं असावं. फाटकावर आठ तास उभं राहिलेल्या माणसाला भांडण काढायलाही अंगात काही उरावं लागतं.

तुमची सुट्टी असे त्या दिवशी तुम्ही यायचात. फौजदारला पांझरा नदीवर नेऊन आंघोळ घालायचात. मी सोबत यायचो. मग मागच्या पायरीवर तो मध्ये आणि आपण दोन्हीकडे बसायचो. आतून खेळाचा आवाज यायचा. चार वर्षांत तुम्ही एकदाही आत येऊन चित्र पाहिलं नाहीत. मी एकदा म्हटलं, आज चांगलं आहे, पौराणिक आहे. "आठेच बरं शे," म्हणालात आणि पायरीवरच बसलात.

फौजदार म्हातारा होऊन मेला. काही झालं नाही त्याला, दुपारी गोणपाटावर झोपला तो उठला नाही. मी निरोप धाडला. तुम्ही गणवेशातच आलात, त्याला पांझरेच्या काठी वरच्या अंगाला पुरलंत, माझ्या मदतीशिवाय. परतल्यावर पायरीवर न बसताच निघालात, आणि माझ्या मनात आलं, आता हे येणार नाहीत. यांचं इथलं काम संपलं.

पुढच्या सुट्टीला तुम्ही आलात. पायरीवर नेहमीच्या जागी, मधली जागा सोडून, बसलात. मी चहा आणला. तुम्ही तो प्यालात, हवेबद्दल काहीतरी बोललात आणि गेलात. त्यानंतरच्या सुट्टीलाही आलात. मला तेव्हा वाटलं, सवय. आबा, ती सवय नव्हती हे कळायला मला तुमचा दहावा यावा लागला. भोंग्यावरचा माझा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस, मध्ये कुत्रा नसताना, माझ्याकडे येऊन बसत होता. यासाठी तुमचे आभार मानावेत तर कोणत्या शब्दांत मानावेत ते मला येत नाही. मला भोंग्यावरचे शब्द येतात.

पेन्शन झाल्यावर तुम्ही अक्काच्या माहेरी भडगावला गेलात, मी जळगावच्या थिएटरात आलो. चार-सहा महिन्यांतून भेट व्हायची. आता जिल्ह्यांची नावं बदलणार, राज्य वेगळं होणार असं पेपरात येतंय. तुम्हाला त्याचं फार कौतुक होतं. नव्या राज्यात पोलिसांना फुलपँट मिळेल का, हे तुम्ही मला गंभीरपणे विचारलं होतं.

गेल्या महिन्यात मी आलो तो ठरवून आलो होतो. तुमच्या छातीत कफ भरल्याचं अक्कानं कळवलं होतं. गाडीत सगळी वाक्यं जुळवली. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, श्वास लागत होता. अक्का आत गेली. मी म्हटलं, "आबा, एक सांगायचं होतं."

"तुना डोया कसा शेतस?"

"डोळे बरे आहेत. आबा, त्या वेळी—"

"बरा नहीत. लाल दखाई राहिनात. कार्बननी आग शे ती. डॉक्टरले दखाड." मग श्वास घ्यायला थांबलात. "बाकी ऱ्हाऊ दे."

मी समजलो, यांना बोलवत नाही, थकलेत, पुन्हा कधीतरी सांगू. आत कुठेतरी हलकंही वाटलं, तेही लिहितो. आता वाटतं, मी काय सांगणार ते तुम्हाला कळलं होतं, आणि ते ऐकायचे कष्ट तुम्हाला नको होते. किंवा ते सांगायचे कष्ट मला होऊ नयेत असं तुम्हाला वाटलं.

मी उठलो तर तुम्हीही उठलात. अक्का नको नको म्हणत असताना थांब्यापर्यंत येतो म्हणालात. माझ्या खांद्यावर हात ठेवून चाललात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर भार टाकून चालल्याचं मला आठवत नाही. हात अगदी हलका होता. दर दहा-वीस पावलांवर आपण थांबत होतो, कोणी भेटलं की तुम्ही सांगत होतात, "हाऊ दत्तू. जळगावले मशीन चालाडस. मना जुना दोस्त शे."

गाडी आली. "जाय आते," म्हणालात. मी चढलो, खिडकीशी बसलो. तुम्ही थांब्याच्या खांबाला धरून उभे होतात, परत चालायला श्वास जमेपर्यंत. गाडी लगेच निघाली नाही. टपावर कोणाचं तरी सामान चढवत होते, एक पेटी नीट बसत नव्हती, दोघे जण ती इकडून तिकडे सरकवत होते. भरपूर वेळ होता. तुम्ही दहा पावलांवर होतात. मी खिडकीतून तुमच्याकडे पाहत बसून राहिलो.

आबा, खोटी फिर्याद मी लिहिली. गोष्ट मी सांगितली. भोंग्यावर मीच होतो. तुमच्या हातून एवढंच झालं की एका उन्हाळ्याच्या दुपारी तुम्हाला झोप लागली, आणि त्या वेळी सोनगीरच्या टापूत जागं कोण होतं?

एवढं तुमच्यासमोर उभं राहून म्हणायला मला फक्त एक गाडी सोडावी लागली असती. ती मी सोडली नाही.

तुमचा
दत्तू